पाऊण सेकंदाचा थांबा

मला अडगळ सहन होत नाही. घरात नाही, टेबलावर नाही आणि कामाच्या फायलींत तर मुळीच नाही. माहेरी मला सगळे ‘केरसुणी’ म्हणायचे, आणि बस कंपनीच्या कचेरीत मला घेतलं तेही याच गुणावर. कंपनीची वेबसाइट तेव्हा अकरा वर्षांची झाली होती. तिच्यावर इतकी पुटं चढली होती की वेळापत्रकाचं एक पान उघडेपर्यंत प्रवाशाची एखादी बस सहज निघून जाईल. सगळी साफसफाई कर, असं साहेबांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन, असं मी घरी जाऊन आईला म्हणाले. ही म्हण मी तेव्हा बिनदिक्कत वापरायचे.

ती पानं ज्यांनी बांधली होती ते माझ्या शेजारच्याच टेबलावर बसायचे. कचेरीत त्यांना कोणी नावानं हाक मारत नसे, सगळ्यांचे ते थांबाकाका. याची दोन कारणं सांगितली जायची. एक म्हणजे आमच्या गाड्यांचे चारशे छत्तीस थांबे त्यांना क्रमानं पाठ होते, उलटेही आणि सुलटेही. दुसरं म्हणजे कोणी काहीही विचारलं की काका आधी तळहात वर करून ‘थांबा’ म्हणायचे, मग विचार करायचे, मग बोलायचे. मला ते पहिल्या आठवड्यापासून अगं-तूगं करायला लागले, पण हा शब्द मात्र कायम आदरार्थी. शिपायालाही थांबा, साहेबांनाही थांबा. लग्नाचं विचारलं होतं तेव्हाही थांबाच म्हणालो आणि मग राहूनच गेलं, असं ते स्वतःच सांगायचे, आणि आम्ही हसलो की तेही हसायचे.

मूळचे ते जुळारी. कंपनीचा स्वतःचा छापखाना होता तेव्हा वेळापत्रकाची पुस्तिका शिशाचे खिळे जुळवून छापायचे. गाडीचा क्रमांक, सुटण्याची वेळ, फलाट, मधले थांबे, सगळं उलट्या अक्षरांत, हातानं. छापखाना बंद झाला तेव्हा बाकीचे कामगार पांगले. काकांनी वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी एक जाडजूड पुस्तक आणि एक शब्दकोश शेजारी शेजारी ठेवून वेबसाइट कशी बांधतात ते शिकून घेतलं. त्यांना ते अवघड वाटलं नाही म्हणे. दोन शब्दांमधली मोकळी जागा म्हणजेही शिशाचा एक तुकडाच असतो, ती आपोआप पडत नाही, बसवावी लागते, हे ज्याला माहीत आहे त्याला पुढचं सगळं जमतं, असं ते म्हणायचे. ही त्यांची नेहमीची टेप आहे असं समजून मी मान डोलवायचे.

आता थोडं माझ्या धंद्याचं सांगते, म्हणजे पुढचं कळेल. वेबसाइटच्या पानाबरोबर एक वेगळी फाइल जाते. पान कसं दिसावं ते तिच्यात लिहिलेलं असतं: अक्षर केवढं, रंग कोणता, समास किती. ब्राउझर ती वाचतो आणि तसं दाखवतो. या ब्राउझरची एक रीत आहे. न समजलेल्या ओळीवर तो अडत नाही, कुरकुरत नाही, चूक झाली असंही सांगत नाही. ती ओळ मुकाट सोडून पुढच्या ओळीवर जातो. त्यामुळे लिहिणाऱ्यानं एखादी गोष्ट वीस वर्षं लिहून ठेवली आणि ब्राउझरनं ती वीस वर्षं ऐकलीच नाही, तरी कोणाला पत्ता लागत नाही.

मी साफसफाईचा प्रोग्राम चालवला आणि त्यानं काकांच्या फायलीतल्या दोनशे बारा ओळी एका दमात काढून दाखवल्या. एकाही ब्राउझरला कळत नाहीत, म्हणाला. मी उघडून पाहिलं. रंग नाही, समास नाही, अक्षर नाही. आवाज कोणाचा, पट्टी कोणती, वेग किती, जोर कुठे द्यायचा, कुठे किती थांबायचं, असलं सगळं. पान दिसावं कसं हे सांगणाऱ्या फायलीत ते ऐकू यावं कसं हे लिहिलेलं. मध्ये मध्ये काकांनी स्वतःसाठी मराठीत टिपणं करून ठेवली होती. जाणाऱ्या गाड्या डाव्या कानात. परतणाऱ्या उजव्या कानात. आकडे सुटे उच्चारावेत, गर्दीत एकोणसाठ आणि एकोणसत्तर सारखेच वाटतात. फलाटाच्या आकड्याआधी पाऊण सेकंद असा हुकूम होता, आणि त्याच्यापुढे लिहिलं होतं: थांबा. ओळ सापडू दे.

यंत्राला कसली ओळ सापडायची, असं म्हणून मला हसू आलं. मी दोनशे बाराच्या दोनशे बारा ओळी काढून टाकल्या. पान उघडून पाहिलं, केसाइतकाही फरक नव्हता. मी खुर्ची वळवून काकांना मोठ्या फुशारकीनं सांगितलं की तुमच्या फायलीतल्या सगळ्या मेलेल्या ओळी झाडून टाकल्या.

काकांनी तळहात वर केला. थांबा, म्हणाले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग म्हणाले, “मेल्या कशा म्हणतेस? अजून जन्मल्याच नाहीत त्या.”

मी ऐकून घेणाऱ्यातली नाही. एकही ब्राउझर हे वाचत नाही, असं मी त्यांना ठणकावून सांगितलं. त्यांना माहीत होतं. अकरा वर्षं तेच बघतोय, म्हणाले, आणि डबा खाताना बाकीचं सांगितलं. इतक्या वर्षांत कचेरीत कोणी त्यांना विचारलं नव्हतं म्हणून सांगितलं नव्हतं, एवढंच.

काकांची एक बहीण होती, त्यांच्याहून नऊ वर्षांनी मोठी. आईवडील लवकर गेले, तेव्हा काका अकरा वर्षांचे आणि ताई वीसची. ताई बसस्थानकात निवेदिका म्हणून लागली. काचेच्या खोलीत बसायचं, समोर गाड्यांची यादी, आणि कर्ण्यावरून सांगत राहायचं की कोणती गाडी कुठल्या फलाटावर लागली आहे. तिनं ते बावीस वर्षं केलं. त्यावरच भावाचं शिक्षण केलं, त्याला छापखान्यात चिकटवलं, स्वतःचं लग्न मात्र बाजूला ठेवलं ते ठेवलंच. शहरात लोक ताईच्या आवाजावर घड्याळं लावायचे, असं काका सांगायचे. मग घसा बिघडला म्हणून तिनं नोकरी सोडली, आणि त्यानंतर दोन-तीन वर्षांतच काचबिंदूनं दोन्ही डोळे गेले.

काका वेबसाइट बांधायला शिकत होते तेव्हा त्या जाड पुस्तकात त्यांना शेवटाकडे एक प्रकरण सापडलं. ज्यांना दिसत नाही त्यांना पान वाचून दाखवताना आवाज कसा असावा, त्याचे नियम होते त्यात. आवाजाला नाव देता येत होतं. तो डावीकडून यावा की उजवीकडून तेही सांगता येत होतं. जोर, पट्टी, थांबणं, सगळ्याला शब्द होते. ते वाचताना त्या दिवशी जेवायचं राहिलं, म्हणाले. नियमात आहे म्हणजे आज ना उद्या ब्राउझरमध्ये येणारच, अशी त्यांची समजूत. छापखान्यात नियम म्हणजे नियम असतो. त्यांनी ठरवलं की आपलं वेळापत्रक बोलेल तर ताईसारखं बोलेल. आवाजाच्या नावाच्या जागी त्यांनी चक्क ‘ताई’ असं लिहिलं, आणि पुढे, ती नसेल तर कोणतीही बाई.

ताईच्या नोकरीच्या शेवटच्या वर्षी एका वाहकानं हौसेखातर तिचं निवेदन टेप करून ठेवलं होतं. ती कॅसेट काकांनी मिळवली आणि चालकांच्या परीक्षेत वापरतात ते थांबघड्याळ घेऊन एकेक शब्द, एकेक विराम मोजला. वर्षभर ते हेच करत होते. कॅसेटला पुढे बुरशी लागली आणि ती गेली. ताईच्या आवाजाचं जे काही उरलं होतं ते त्या दोनशे बारा ओळींत, आणि मी ते झाडून टाकलं होतं.

मी ओळी परत ठेवल्या. माफीबिफी मागितली नाही, तो माझा स्वभाव नाही. पण त्या दिवसानंतर मला त्या टेबलाकडे सरळ बघवेना.

पुढे तीन वर्षं आम्ही शेजारी शेजारी काम केलं. कोणत्याही ब्राउझरची नवी आवृत्ती आली की काका ती उतरवून घ्यायचे, हेडफोन लावायचे आणि वाचून दाखवणारा प्रोग्राम सुरू करायचे. तो पान वाचायचा, दोन्ही कानांत सारखाच, पट्टी न बदलता, हजेरी घेणाऱ्या मास्तरासारखा. ताईनं आणि काकांनी त्याला नावच ठेवलं होतं, मास्तर. काका हेडफोन काढून ठेवायचे आणि म्हणायचे, “अजून नाही.” आणि लगेच दुसऱ्या कामाला लागायचे. मी येण्याआधी एकदा नियमांची सुधारित आवृत्ती निघाली आणि तिच्यात ते प्रकरण मागे परिशिष्टात ढकललेलं निघालं. बड्या माणसाला निवृत्त न करता कोपऱ्यातली खुर्ची देतात, तसं. नंतर नव्या मसुद्यात त्याच गोष्टींना वेगळी नावं आली, तीही काकांनी जुन्यांच्या खाली लिहून ठेवली. ब्राउझर त्यांच्याकडेही बघत नव्हता.

एकदा काही छापील कागद द्यायला मी त्यांच्या घरी गेले. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. दारापासून खुर्चीपर्यंत वाटेत एक वस्तू नाही. चपला भिंतीला लावून, खुर्च्या टेबलाखाली सरकवून, टेबलावर फुलाफुलांचं मेणकापड आणि बाकी काही नाही. आयुष्यात पहिल्यांदा मला हवं तसं घर दिसलं, आणि मग लक्षात आलं की ते तसं का आहे. ताई खिडकीशी बसल्या होत्या. मी तीन वाक्यं बोलले असेन, तर त्या म्हणाल्या, “तुझी वाक्यं तुटतात शेवटी. शेवटचा शब्द गिळतेस. लोकांना तोच हवा असतो.” मला राग आला. नंतर घरी आरशासमोर बोलून पाहिलं, तर खरंच गिळत होते.

मग मी अधूनमधून जायला लागले. नवा ब्राउझर आला की काका लॅपटॉप घरी न्यायचे, हेडफोन ताईंच्या कानावर चढवायचे आणि त्यांच्या चेहऱ्याकडे बघत उभे राहायचे. ताई नीट ऐकायच्या, घाई नाही, आणि मग मान हलवायच्या. नाही रे, मास्तरच आहे. काका म्हणायचे, येईल. ताई म्हणायच्या, येईल तेव्हा येईल, मी कुठे पळून चाललेय. हे असं किती वेळा झालं असेल कोण जाणे. त्या बिचाऱ्या ब्राउझरवाल्यांना आपलं वेळापत्रक कोण ऐकतं याची गंधवार्ता नव्हती, आणि मला मात्र दर वेळी त्यांचे कान उपटावेसे वाटायचे.

त्याच सुमारास एक जुने चालक निवृत्त झाले आणि उपाहारगृहात त्यांचा निरोप समारंभ झाला. बोलता बोलता ताईंचा विषय निघाला. तिच्या जिभेला ब्रेक नव्हता, असं ते चालक म्हणाले. गाडी क्रमांक, गाव, फलाट, सगळं एका श्वासात. स्वल्पविरामाला उभं राहायला जागा नाही. सगळे हसले. मला आश्चर्य वाटलं, कारण काकांच्या फायलीत तर फलाटाआधी चांगला पाऊण सेकंद होता. म्हाताऱ्याला आठवत नसेल, असं मी मनात म्हटलं आणि काकांकडे पाहिलं. काका पाणी प्यायला उठून गेले होते.

काकांच्या निवृत्तीला महिना राहिला असताना वरून हुकूम आला. वेबसाइट बाहेरची कंपनी नव्यानं बांधणार, जुनी पानं महिनाअखेरीला बंद. बाहेरच्या कंपनीनं आमच्या फायली तपासून एक यादी पाठवली. काय ठेवायचं, काय टाकायचं. दोनशे बारा ओळींवर त्यांनी एकच शेरा मारला होता: निरुपयोगी. शेवटी त्यांनी वेगळं काय केलं, जे मी तीन वर्षांपूर्वी केलं होतं तेच की. काकांनी यादी वाचली, घडी घालून खणात ठेवली. आता नवीन माणसं, म्हणाले, त्यांना सांगून काय उपयोग. ताईला सांगायचं कसं तेवढं बघतो.

तीस वर्षांत या माणसानं स्वतःसाठी काही मागितलं नव्हतं. त्यांना एवढंच हवं होतं की बहिणीनं ते वेळापत्रक तिच्या स्वतःच्या बोलण्यात एकदा ऐकावं. ताई सदुसष्ट वर्षांच्या होत्या, आणि महिनाअखेरीला ते पानच राहणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी ठरवलं. ब्राउझर वाचत नाही ना, मग मी वाचते. त्या दोनशे बारा ओळी वाचून त्यांचा हुकूम पाळेल असा एक छोटा प्रोग्राम लिहायला घेतला. काम फार मोठं नव्हतं. किती थांबायचं, किती वेगानं, डावा कान की उजवा, सगळं काकांनी आधीच लिहून ठेवलं होतं. अडलं ते एकाच ठिकाणी. प्रोग्राम ‘ताई’ नावाचा आवाज शोधायचा आणि तो कुठेच मिळायचा नाही. मग पुढची ओळ आठवली, ती नसेल तर कोणतीही बाई. कोणतीही बाई म्हणजे मी, आणखी कोण. स्टेशनरीच्या कपाटात कागदांच्या गठ्ठ्यांमध्ये उभं राहून, दार ओढून घेऊन, मी चारशे छत्तीस थांब्यांची नावं रेकॉर्ड केली. शून्य ते नऊ आकडे, ‘गाडी क्रमांक’, ‘फलाट’, ‘सुटण्याची वेळ’. प्रत्येक शब्द शेवटपर्यंत, न गिळता. शिपाई दोनदा दार उघडून बघून गेला. पाण्याची टाकी, जुना पूल, दवाखाना, असं कपाटात उभी राहून म्हणणाऱ्या बाईला त्यानं काही विचारलं नाही.

नऊ दिवस लागले. काकांना मी एवढंच सांगितलं की एक नवा ब्राउझर आलाय, रविवारी दुपारी घेऊन येते.

रविवारी काकांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. ताई टेबलाशी बसल्या. मी त्यांच्या कानावर हेडफोन चढवला, एकोणसाठ क्रमांकाच्या गाड्यांचं पान उघडलं आणि सुरू केलं. दुसरा हेडफोन काकांच्या कानावर होता. मला काही ऐकू येत नव्हतं, पडद्यावर पुढे सरकणारी ओळ तेवढी दिसत होती.

गाडी क्रमांक पाच नऊ. जाणारी, म्हणजे डाव्या कानात. ताईंची मान किंचित डावीकडे कलली. काकांनी टेबलाची कड धरली. पडद्यावर पाऊण सेकंदाचा थांबा आला, आणि ताईंच्या उजव्या हाताचं बोट मेणकापडावर डावीकडून उजवीकडे सरकलं. मग फलाटाचा आकडा आला आणि बोट थांबलं. पुढच्या गाडीलाही तसंच झालं, आणि त्याच्या पुढच्याही. ताल धरताहेत असं मला वाटलं. जाणाऱ्या सगळ्या गाड्या झाल्या, मग उजव्या कानात परतणाऱ्या. ताईंनी शेवटपर्यंत ऐकलं.

हेडफोन काढून त्या माझ्याकडे वळल्या. “आवाज तुझा आहे,” म्हणाल्या. मी हो म्हटलं. “पण बोलतेय मी.”

काका थांबासुद्धा म्हणाले नाहीत. चहा टाकतो, असं काहीतरी पुटपुटत आत गेले. नळ सुरू झाल्याचा आवाज आला आणि तो बराच वेळ बंद झाला नाही.

ताईंनी हात पुढे करून माझं मनगट शोधलं आणि धरलं. हळू आवाजात बोलायला लागल्या, पण प्रत्येक शब्द सुटा, त्यांच्या सवयीचा. आधी निवेदन करताना त्या अशा थांबत बोलायच्याच नाहीत, म्हणाल्या. वीस-एकवीस वर्षं त्या एका दमात सगळं सांगायच्या, कुठे थांबायच्या नाहीत. थांबायला लागल्या ते शेवटच्या वर्षी. डोळ्यांपुढे धुकं यायला लागलं होतं. गाडीचं नाव पाठ असायचं, वेळ पाठ असायची, पण छापलेला फलाट ऐनवेळी बदलायचा, तो त्या दिवशीच्या यादीतून बघूनच सांगावा लागायचा.

“मला ओळच सापडायची नाही गं,” त्या म्हणाल्या. “बोट ठेवून शोधायचे. तेवढा वेळ लोकांना वाटायचं, बाई किती ऐटीत थांबते.”

कोणाला कळू दिलं नव्हतं त्यांनी. कळलं असतं तर खुर्ची गेली असती, आणि भाऊ तेव्हा छापखान्यात अजून कायम झाला नव्हता. एक दिवस सातच्या जागी चार वाचलं गेलं. एक माणूस बायकोला दवाखान्यात न्यायला निघालेला, तिला धरून चार नंबरकडे धावला, आणि गाडी सात नंबरवरून निघून गेली. काही वाईट झालं नाही, पुढची गाडी वीस मिनिटांनी होती, ती मिळाली त्यांना. पण ताईंनी काचेतून त्या दोघांच्या आकृत्या पळताना पाहिल्या, आणि दुसऱ्या दिवशी घसा बिघडला म्हणून राजीनामा दिला. घशाला काही झालं नव्हतं.

“आणि या वेड्यानं तेच मोजलं. घड्याळ लावून. माझं आंधळेपण मोजलं आणि त्याला माझी बोलण्याची ढब समजला,” त्या म्हणाल्या. “त्याला सांगू नकोस. इतक्या प्रेमानं केलंय त्यानं.”

मी हो म्हणाले, आणि त्याच क्षणी मला ते टिपण आठवलं. फलाटाच्या आकड्याआधी पाऊण सेकंद, आणि पुढे काकांच्या हातचं: थांबा. ओळ सापडू दे. तीन वर्षांपूर्वी मी त्याला हसले होते. यंत्राला ओळ सापडावी म्हणून ते लिहिलेलं नव्हतंच. कॅसेटवर बोटाखाली कागद सरकल्याची खसखस त्यांना ऐकू आली होती, की त्याच्याही आधीपासून ठाऊक होतं, ते मला माहीत नाही. पण ठाऊक होतं. म्हणूनच उपाहारगृहात त्या चालकाच्या गोष्टीवर ते उठून पाणी प्यायला गेले होते. ताई त्यांच्यापासून जे लपवत होत्या ते त्यांनी तेरा-चौदा वर्षांपूर्वी लिहून ठेवलं होतं, अशा ठिकाणी की जिथे ते कोणी वाचणार नाही.

माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण मी थांबले. आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच.

काका तीन कप घेऊन आले. डोळे लाल होते, पण चेहरा धुतलेला होता. ताईंचा कप त्यांनी असा ठेवला की कान बरोबर त्यांच्या बोटांशी यावा. मग उभ्याउभ्याच विचारलं की तो फलाटाआधीचा थांबा जरा जास्त होतो का, कमी करायचा का.

“नको,” ताई म्हणाल्या. “आहे तेवढा राहू दे.”

“बरं,” काका म्हणाले, आणि चहा प्यायला बसले. मी दोघांच्या मधे बसून माझा कप कधी संपवला ते मला कळलं नाही.

नवी वेबसाइट झाली. तिच्या फायलीच्या तळाशी मी त्या दोनशे बारा ओळी जशाच्या तशा नेऊन ठेवल्या, टिपणांसकट, आणि वर लिहिलं: काढू नये. दर वर्षी कोणीतरी नवं येतं, साफसफाईचा प्रोग्राम चालवतं आणि मला येऊन सांगतं की खाली बरीच अडगळ पडली आहे. मी तळहात वर करते.

ताई त्यानंतर चार वर्षं होत्या. झोपेतच गेल्या. महिनाभरानं काका कचेरीत आले, अंगावर तोच इस्त्रीचा सदरा. इकडचं तिकडचं बोलले. मग म्हणाले, ते पाच नऊ आहे का अजून तुझ्याकडे.

मी त्यांच्या कानावर हेडफोन चढवला आणि सुरू केलं. ते डोळे मिटून, मान किंचित डावीकडे कलवून बसले. पडद्यावर गाडीचा क्रमांक सरकला, गाव सरकलं, आणि फलाटाआधीचा थांबा आला. काकांनी श्वास धरला होता. मग आकडा आला.

“सापडली,” ते अगदी हळू म्हणाले.

पुढच्या गाडीला पुन्हा तेच. मी खुर्ची वळवून घेतली आणि पान संपेपर्यंत त्यांच्याकडे पाहिलं नाही.